पावसाळी जॅकेट घरी धुवावे की न धुताच जपावे?

ब्रह्मगिरीचा वाटसरू

नमस्कार मंडळी. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेले एक पावसाळी जॅकेट आहे. हा साधा रेनकोट नव्हे. आत जलरोधक पापुद्रा असलेले, शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवलेले आणि घाम बाहेर सोडते असे सांगून विकले जाणारे हे जॅकेट आहे. खिशाला जड होते, तरी हप्त्याने घेतले आणि जिवापाड जपले. जपले याचा अर्थ इतकाच की, आजवर ते एकदाही धुतलेले नाही. दर भटकंतीनंतर ओल्या फडक्याने चिखल पुसायचा, गॅलरीतल्या दोरीवर टाकायचे आणि वाळले की घडी घालून कपाटात ठेवायचे, एवढीच त्याची सेवा.

गेल्या रविवारी हरिहरला गेलो होतो. निरगुडपाड्यातून वर निघालो तेव्हा भुरभुर होती, पण कातळात कोरलेल्या पायऱ्यांशी पोहोचेपर्यंत सरींवर सरी सुरू झाल्या. नवे असताना या जॅकेटवरून थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळत असत. या वेळी मात्र खांद्यावरचे आणि पाठीवरचे कापड आधी गडद झाले, मग जड झाले आणि तासाभरात आतला शर्टही ओला लागू लागला.

विकत घेताना दुकानदाराने बजावले होते की, धुतले की कोटिंग जाते. घरच्यांचे म्हणणे असे की, या जॅकेटला येणारा वास पाहता आता एक तर ते धुतले जाईल किंवा कपाटाबाहेर राहील. जाणकारांनी सांगावे, हे जॅकेट संपले का? आणि धुवायचे असेल तर घरी कसे धुवावे?

पाथर्डी फाटा

साहेब, मी रोज दुचाकीवरून अंबडला कामावर जातो आणि गेली कित्येक वर्षे साधा प्लास्टिकचा रेनकोट वापरतो. त्याला पापुद्राही नाही आणि लेपही नाही. फाटला की नवा घेतो. एवढा खर्च करून वर त्याच्या अंघोळीची चिंता करायची, हे काही माझ्या बुद्धीला पटत नाही.

घोटीकर

दुकानदाराचे बरोबर आहे, असे मला वाटते. माझे आजोबा भातलावणीला घोंगडी आणि इरले घेऊन जात. ती घोंगडी घरात कुणी साबणाने धुवायला घेतलीच, तर आजोबा अक्षरशः अंगावर धावून येत असत. लोकरीत मुळातच एक तेलकटपणा असतो आणि त्यामुळे पाणी चटकन आत शिरत नाही. साबणाने तो निघून गेला की घोंगडी पाणी प्यायला लागते. पावसाच्या वस्तूला साबण लावू नये, हा आमच्याकडचा पिढीजात अनुभव आहे.

देवळाली कॅम्प

घोटीकरांना दुजोरा. आमच्या वडिलांकडे जुना डकबॅकचा रबरी रेनकोट होता. तो नुसत्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा आणि पावसाळा संपला की आतून पावडर शिंपडून ठेवायचा, म्हणजे रबर एकमेकांना चिकटत नसे. साबणाचा प्रश्नच येत नव्हता.

ताणाबाणा

मी वस्त्रोद्योगात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घोंगडीबद्दल घोटीकरांचे म्हणणे अगदी खरे आहे आणि मेणकापडाच्या जॅकेटालाही तोच नियम लागू पडतो. गफलत अशी होते की, घोंगडीचा नियम आपण या नव्या जॅकेटाला लावतो. घोंगडीत तेल हा रक्षक असतो, तर या जॅकेटात तेल हा शत्रू असतो.

या जॅकेटात पाणी अडवणाऱ्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. आतला पापुद्रा हे खरे धरण. काही जॅकेटांत तो ताणलेल्या पीटीएफईचा असतो, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर जे असते त्याच द्रव्याचा. हे द्रव्य झटक्यासरशी ताणले की त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते, हे अमेरिकेत बॉब गोर यांना १९६९ मध्ये आढळले. पाण्याच्या थेंबाच्या मानाने ती छिद्रे हजारो पट लहान असतात, त्यामुळे थेंब आत शिरू शकत नाही. घामाची वाफ मात्र सुट्या रेणूंची असल्याने बाहेर पडते. इतर बऱ्याच जॅकेटांत पॉलियुरेथेनचा थर असतो. दुसरी व्यवस्था म्हणजे सर्वांत बाहेरच्या कापडाच्या धाग्यांवर दिलेला पाणी झटकणारा लेप, ज्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. अळूच्या पानाची जी आठवण तुम्ही काढलीत, ती किमया या लेपाची, पापुद्र्याची नव्हे.

आता तुमच्या पाठीवर काय झाले असावे ते पाहू. धूळ, घाम, डोक्याचे तेल आणि फडक्याने पसरलेला चिखल हे सगळे चार वर्षे त्या लेपावर साचत गेले. लेप त्याखाली झाकला गेला, बाहेरचे कापड पाणी पिऊ लागले आणि त्यावर पाण्याचा एक सलग थर बसला. पापुद्रा अजून पाणी अडवत असेलही, पण बाहेरून पाण्याचा पडदा बसल्यावर आतल्या वाफेला वाट कुठून मिळणार? शिवाय ओले कापड थंड पडते, त्यामुळे ती वाफ आतल्या बाजूलाच दंवासारखी जमते. आपल्याला वाटते जॅकेट गळले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो आपलाच घाम असतो.

तेव्हा धुतल्याने कोटिंग जाते ही समजूत या जॅकेटापुरती उलटी आहे. न धुतल्याने ते निकामी होते. चुकीच्या साबणाने धुतल्यास बिघडते, हेही तितकेच खरे.

पाथर्डी फाटा

म्हणजे एवढे पैसे मोजून मनुष्य शेवटी स्वतःच्याच घामाने भिजतो. माझ्या प्लास्टिकच्या रेनकोटात हे फार स्वस्तात होते.

ताणाबाणा

पाथर्डी फाटा, तुमचा टोमणा वाटतो तितका चुकीचा नाही. वाफ आतून बाहेर जाते ती आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असल्यामुळे. ही जॅकेटे मुळात थंड, कोरड्या डोंगरांसाठी घडवलेली आहेत. जुलैत इगतपुरीच्या धुक्यात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा वाफेने जावे तरी कुठे? अशा दिवशी चढणीवर उत्तम, स्वच्छ जॅकेटही आतून ओलसर होणारच. काखेखालच्या चेनी उघड्या ठेवणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. धुण्याने कापडाचे पाणी पिणे थांबेल. सह्याद्रीतली आर्द्रता कमी होणार नाही.

अळूची वडी

माझ्या नावाचा दाखला देऊनच धागा सुरू झाला आहे, तेव्हा लिहिणे भाग आहे. आमच्या घरात अशी तीन जॅकेटे आहेत आणि तिन्ही मी घरीच धुते, दर पावसाळ्यात दोनदा तरी.

वाटसरूदादा, पहिले काम म्हणजे जॅकेटाच्या आत शिवलेली चिठ्ठी वाचा. टबाच्या चित्रात ३० किंवा ४० असा आकडा असेल, ते पाण्याचे जास्तीत जास्त तापमान. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच चालणार नाही. चौकोनातले वर्तुळ म्हणजे ड्रायर. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर अगदी मंद इस्त्री चालते. त्यावर फुली असेल तर इस्त्रीचा विचारही करू नका. ती चिठ्ठी सांगेल ते आमच्या सगळ्यांच्या सल्ल्यापेक्षा वरचढ समजा.

मग खिसे रिकामे करा. चिखल ओला असेल तर आधी वाळू द्या आणि मऊ ब्रशने झाडून टाका. ओला चिखल चोळला की तो कापडात अधिकच मुरतो. त्र्यंबककडची ती तांबडी माती तर पांढऱ्या सुती कपड्यांतून निघत नाही, हे सांगायला नकोच. सगळ्या चेनी लावा, वेल्क्रोच्या पट्ट्या बंद करा आणि नाड्या सैल सोडा.

मोठ्या टबात कोमट पाणी घ्या. मनगटाला जेमतेम ऊन लागेल, एवढेच. त्यात कपड्यांचा पातळ साबण थोडासा घाला. पावडर नको, कारण तिचे न विरघळलेले कण धाग्यांत अडकून बसतात. वडी तर मुळीच नको. कपडे मऊ आणि सुगंधी करणारे ते द्रव औषधालाही नको. ते धाग्यावर जो मऊ थर बसवते, तोच पाणी ओढून घेतो. जॅकेट पाण्यात बुडवून हाताने हळूहळू दाबत राहा. कॉलरची आतली बाजू, टोपीची कड आणि मनगटाच्या पट्ट्या याच खऱ्या मळक्या जागा. तिथे पातळ साबणाचा थेंब बोटाने चोळा आणि जुन्या मऊ टूथब्रशने फिरवा. ज्यांच्या घरी खोबरेल तेल चोपडून बाहेर पडण्याची पद्धत आहे, त्यांच्या टोपीच्या कडेला काळपट तुकतुकीत पट्टाच दिसेल.

शेवटी सांगते ते सर्वांत महत्त्वाचे. खळबळून काढताना कंटाळा करू नका. फेस दिसेनासा झाला की आणखी एकदा स्वच्छ पाण्यातून काढा. पिळू मात्र नका. दाबून पाणी काढा आणि रुंद हँगरवर सावलीत लटकवा.

सातपूरकर

ताईंनी वडीला नकार दिला त्याचे कारण आमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात प्रत्यक्ष दिसते. नळाला गंगापूर धरणाचे पाणी येते तेव्हा फेस भरपूर होतो. तेच पाणी कमी पडून बोअरचे चालू झाले की साबणाचा फेस होत नाही. नुसता पांढरट साका होतो. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून तो साका बनतो आणि कपड्यावर बसतो. तेव्हा किमान शेवटचे खळबळणे तरी नळाच्या पाण्यात करावे.

आणखी एक इशारा मशीनबद्दल. मी माझे जॅकेट वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये घातले आणि पिळायच्या फेरीवर सोडून चहा घ्यायला गेलो. या कापडातून पाणी आरपार जात नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य, आणि नेमके तेच मशीनच्या मुळावर येते. जॅकेटाचा फुगा होऊन त्यात पाणी अडकून राहिले, ड्रम वेगाने फिरू लागताच तोल गेला आणि मशीन बाथरूममधून चालत दारापर्यंत आले. खालच्या मजल्यावरचे काका भूकंप झाला म्हणून वर धावत आले होते. जलरोधक वस्तू पिळायच्या फेरीत घालू नयेत, असे अनेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. ती पुस्तिका मी अपघातानंतर वाचली.

घोटीकर

घोंगडीपुरता मी माझ्या मतावर ठाम आहे, जॅकेटापुरते मागे घेतो. एक शंका मात्र आहे. साबणाऐवजी रीठ्याचे पाणी वापरले तर? आमच्याकडे रेशमी आणि लोकरी वस्तूंना तेच वापरतात.

ताणाबाणा

रीठा सौम्य आहे, तेलकट मळही काढतो, पण त्याचा गर आणि रंग कापडात राहू शकतो आणि जो काही अंश मागे राहील तो पाणी ओढणाराच ठरेल. शिवाय घरी काढलेले रीठ्याचे पाणी दर वेळी सारखे नसते. रेशमाला जरूर वापरा. येथे मी वापरणार नाही. अशा जॅकेटांसाठी निकवॅक्स, ग्रेंजर्स यांसारख्या कंपन्यांचे खास धुण्याचे द्रव मिळते आणि ते मागे जवळजवळ काही ठेवत नाही. ते नसेल तर कमी सुगंधाचा साधा पातळ साबण आणि अळूची वडी यांनी सांगितलेले भरपूर खळबळणे, यावर काम भागते.

जुना भटक्या

चर्चा उत्तम चालली आहे, पण अर्धे काम राहिले. नुसते धुऊन वाळवल्याने थेंब पुन्हा घरंगळतील अशी खात्री नाही. धुण्याने मळ जातो, पण वापरात चेंगरलेला आणि झोपलेला लेप उष्णतेने पुन्हा उभा राहतो. परदेशी माहितीपत्रकांत लिहिलेले असते की, जॅकेट वाळल्यावर आणखी सुमारे २० मिनिटे ड्रायरमध्ये कोमट फिरवा. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी ड्रायर आहे? आपला ड्रायर म्हणजे गच्ची. आणि गच्चीवरचे ऊन या कामाला पुरत नाही. वर कडक उन्हाने कापड आणि रंग मात्र उतरतो.

त्यामुळे चिठ्ठीवर परवानगी असेल तर इस्त्री करावी. जॅकेट पूर्ण वाळलेले हवे. इस्त्री सर्वांत मंद, वाफ बंद आणि मध्ये सुती पंचा. एका जागी न थांबता हात फिरता ठेवावा. छापील चिन्हे, रबरी पट्ट्या आणि चेनी यांच्या वाटेला जाऊ नये. मी पहिल्या वेळी पंचा न घेता टोपीवर इस्त्री टेकवली होती. तेथे आजही पाच रुपयांच्या नाण्याएवढा चकचकीत डाग आहे आणि दर पावसात तो मला माझी अक्कल दाखवतो.

ड्रायक्लीनिंगच्या वाटेला जाऊ नका, हेही सांगून ठेवतो. मी एकदा घराजवळच्या एका लॉन्ड्रीत जॅकेट दिले. परत आले ते कडक घडी घातलेले, मोगऱ्यासारखे घमघमणारे आणि पहिल्याच पावसात टॉवेलासारखे पाणी पिणारे. दोन वेळा नुसत्या पाण्यातून आणि एकदा खास द्रवातून काढल्यावर तो सुगंध गेला आणि जॅकेट माणसात आले.

ब्रह्मगिरीचा वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक प्रश्न उरतो. धुण्याआधीच कळू शकते का, की दोष मळाचा आहे की जॅकेटच फाटले किंवा झिजले आहे? उगाच आशा लावून बसायला नको.

ताणाबाणा

जॅकेट उलटे करून खिडकीपाशी उजेडात धरा. तीन गोष्टी पाहा.

शिवणींवरच्या पट्ट्या कुठे सुटल्या आहेत का? टोपी आणि खांदा जेथे मिळतात तेथे त्या आधी सुटतात. थोडी पट्टी सुटली असेल तर शिवण बंद करण्याचा खास गोंद मिळतो, त्याने भागते.

आतला थर चिकट लागतो का, किंवा त्याचे पापुद्रे निघून काळ्या शर्टावर कोंड्यासारखे पडतात का? तसे असेल तर तो पॉलियुरेथेनचा थर आहे आणि दमट हवेमुळे त्याचे विघटन सुरू झाले आहे. पाण्याच्या संपर्काने त्या द्रव्याचे बंध तुटत जातात. उष्ण आणि दमट जागी हे लवकर होते. यावर धुणे, इस्त्री, फवारा यांपैकी कशाचाही उपयोग नाही. ओलसर जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकणाऱ्यांच्या नशिबी हेच येते.

दोन्ही नसेल तर कोरड्या जॅकेटाचा पाठीचा भाग एका वाडग्यावर पसरा, मध्ये खोलगा करा, त्यात पेलाभर पाणी ओता आणि खाली कोरडा कागद ठेवा. बाहेरचे कापड भिजले पण १५-२० मिनिटांनीही कागद कोरडा राहिला, तर पापुद्रा तेथे तरी शाबूत आहे आणि जॅकेट धुण्याच्या लायकीचे आहे.

जुना भटक्या

खांद्यावर वेगळी परीक्षा घ्या. पाठपिशवीचे पट्टे तेथे वर्षानुवर्षे घासतात आणि लेप मळत नाही, खरोखरच झिजून जातो. तेथे धुऊनही फरक पडला नाही तर फवाऱ्याची बाटली आणावी लागेल. धुतलेल्या, ओलसर जॅकेटावर फवारायचे, जास्तीचे फडक्याने टिपायचे आणि बाटलीवर लिहिले असेल तशी ऊब द्यायची. मळक्या कापडावर फवारा मारणे म्हणजे भिंत न घासता रंग देणे.

देवळाली कॅम्प

माझ्या मुलाने गेल्या वर्षी नवे जॅकेट घेतले. ते माझ्या जुन्या जॅकेटाच्या मानाने लवकर पाणी पिऊ लागले. नव्या मालाचा दर्जा उतरला, असे मी समजत होतो.

ताणाबाणा

दर्जाचा प्रश्न वेगळा, पण त्यामागे एक कारण आहे. जुन्या लेपांत फ्लोरिनयुक्त रसायने होती; ती पाणी आणि तेल दोन्ही झटकत. ती रसायने निसर्गात आणि शरीरात वर्षानुवर्षे टिकून राहतात असे दिसल्यावर ती मागे पडत गेली. त्यांच्याशी जोडलेले पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आले. फ्लोरिनविरहित नवे लेप पाणी चांगले झटकतात, पण तेलापुढे हात टेकतात. म्हणून नवे जॅकेट जुन्यापेक्षा अधिक वेळा धुवावे लागते. मुलाला सांगा, दर्जाला दोष देण्याआधी कॉलर धुऊन पाहा.

पाथर्डी फाटा

एवढे वाचून मी आज माझा प्लास्टिकचा रेनकोट पहिल्यांदा साबणाने धुतला. त्याचा खरा रंग निळा आहे, हे घरात सर्वांना आजच कळले.

ब्रह्मगिरीचा वाटसरू

दहा दिवसांनी परत आलो आहे. वाडग्याच्या परीक्षेत कागद कोरडा राहिला, शिवणी शाबूत निघाल्या, तेव्हा धीर करून टबात घातले. पहिले पाणी उकळलेल्या चहासारखे निघाले, दुसरे दूध घातलेल्या चहासारखे आणि चौथ्या वेळी कुठे ते नळाच्या पाण्यासारखे दिसले. कॉलरवर पाऊण तास गेला. ताईंनी खिसे रिकामे करायला सांगितले होते. मी बाहेरचे तीन केले आणि आतला छातीवरचा विसरलो, त्यामुळे एसटीच्या एका तिकिटाचा लगदा चेनीच्या दातांतून टाचणीने काढावा लागला. रात्रभर पंख्याखाली वाळवले आणि दुसऱ्या दिवशी पंचा घालून मंद इस्त्री केली.

काल तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी केली. गर्दीत संथ चालत होतो आणि पाऊस जवळजवळ सतत होता. पाठीवर, टोपीवर आणि बाह्यांवर थेंब पुन्हा गोल होऊन ओघळू लागले आहेत. चढणीवर घाम आला, पण काखेखालच्या चेनी उघडल्यावर सुसह्य झाले. उजवा खांदा ठीक आहे. डावा मात्र अजून पाणी पितो. पाठपिशवी मी नेहमी डाव्याच खांद्यावर अडकवतो, हे जुना भटक्या यांचे वाचल्यावर लक्षात आले. फवाऱ्याची बाटली मागवली आहे.

अळूची वडी

बाटली आली की फवारताना खिडक्या उघड्या ठेवा. आणि दादा, आतला खिसा आधी बघा.